अमेरिकी डिझेल पिकअप आणि मोठा टर्बो

डिझेल इंजिनातून किती ताकद निघेल हे त्यात किती डिझेल नीट जळते यावर ठरते, आणि किती डिझेल नीट जळेल हे सिलिंडरमध्ये किती हवा भरली यावर. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन ठरावीक प्रमाणात जातात. डिझेलमध्ये हवा येईल तेवढी येते. चालकाचा पाय फक्त डिझेलची मात्रा कमीजास्त करतो. म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून जास्त डिझेल सोडणे हा ताकद वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय, आणि मागून काळा धूर येऊ लागणे हा त्याचा हमखास परिणाम. हवा अपुरी पडली की डिझेल अर्धवट जळते आणि त्याची काजळी बाहेर पडते. त्यावरचा इलाज म्हणजे मोठा टर्बो. अमेरिकेत डिझेल पिकअपवरचा कारखान्याचा टर्बो उतरवून मोठा चढवण्याचा जो धंदा गेल्या चाळीस वर्षांत उभा राहिला, त्याच्या मुळाशी एवढीच गोष्ट आहे. बाकीचा इतिहास त्यापायी पुढे काय काय मोडत गेले याचा आहे.

टर्बोची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याची. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या तप्त वायूने एक चाक फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून इंजिनात कोंबायची, या मांडणीचे पेटंट त्याने १९०५ मध्ये घेतले. पेटंट हाती आले, पण इतकी उष्णता आणि इतका वेग सोसणारा धातू हाती यायला वीस वर्षे लागली. १९२०च्या दशकाच्या मध्यात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ब्युखीच्या देखरेखीखाली टर्बो बसले आणि प्रत्येक इंजिनाची ताकद १७५० अश्वशक्तीवरून २५०० पर्यंत गेली. तेवढ्याच सिलिंडरांतून जवळपास दीडपट काम.

अमेरिकेत टर्बोला आधी विमानाने हात दिला. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या डोंगरमाथ्यावर नेले. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिन दमते. टर्बो लावल्यावर मात्र ते माथ्यावरही पायथ्याइतकीच ताकद देत असल्याचे त्याने दाखवून दिले. पुढे ट्रेलर ओढत कोलोरॅडोचे चढ चढणाऱ्या पिकअपवाल्यांना टर्बोचा जो उपयोग होणार होता, त्याची चाचणी अशी जवळपास त्याच डोंगरांत होऊन गेली होती. ट्रकवर टर्बो आणला स्वित्झर्लंडच्या झाउरर कंपनीने, १९३८ मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या गॅरेट कंपनीने विमानाच्या टर्बाइनचे ज्ञान जमिनीवर उतरवले आणि १९५०च्या दशकात तिचे टर्बो कॅटरपिलरच्या डी-९ या अवजड ट्रॅक्टरवर बसू लागले.

याच काळात इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या कमिन्स कंपनीने एक धाडस केले. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत तिने डिझेलवर चालणारी गाडी उतरवली. ट्रकच्या इंजिनावरून बेतलेले ६.६ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन आडवे निजवले होते, म्हणजे गाडीची उंची कमी राहील, आणि त्यावर टर्बो होता. या शर्यतीत टर्बो लावलेली गाडी उतरण्याची ती पहिलीच वेळ. पात्रता फेरीत फ्रेड अगाबाशियन याने ताशी १३८.०१० मैलांचा वेग गाठला आणि पेट्रोलच्या साऱ्या गाड्यांना मागे टाकून सर्वांत पुढची जागा पटकावली. शर्यतीत मात्र ७१ फेऱ्यांनंतर गाडी थांबली. इंजिन शाबूत होते. टर्बोचे हवा ओढणारे तोंड गाडीच्या नाकाजवळ खाली ठेवलेले होते आणि धावपट्टीवरच्या टायरच्या रबराचा चुरा ओढून ओढून ते बुजले होते. इंजिन उत्तम आणि त्याच्या भोवतीची एखादी किरकोळ सोय अपुरी, हा प्रकार पुढे पिकअपच्या बाबतीत वारंवार घडला.

पिकअपवर डिझेल यायला तेलटंचाई व्हावी लागली. १९७३ च्या धक्क्याने अमेरिकेत पेट्रोल महागले, तेव्हा जनरल मोटर्सने १९७८ मध्ये ओल्ड्समोबीलचे ५.७ लिटरचे डिझेल इंजिन गाड्यांबरोबर हलक्या पिकअपमध्येही घातले. त्याची आखणी पेट्रोल इंजिनाच्या यंत्रसामग्रीला धरून झाली होती आणि हेड आवळणारे बोल्ट त्याच मांडणीचे ठेवले होते. डिझेलचा दाब त्यांना पेलवेना. गॅस्केट फुटू लागली, डिझेलमधले पाणी वेगळे करायची सोय नसल्याने पंप गंजू लागले आणि १९८५ मध्ये हे इंजिन गुंडाळले गेले. अमेरिकी ग्राहकाच्या मनात डिझेलविषयी जी अढी बसली ती या इंजिनामुळे. त्यानंतर आलेली दोन इंजिने, १९८२ चे जनरल मोटर्सचे ६.२ लिटरचे आणि १९८३ च्या फोर्ड पिकअपमधले इंटरनॅशनल हार्वेस्टरचे ६.९ लिटरचे, बरीच दणकट होती. पण दोन्ही टर्बोविना आणि मंद. मागे घोड्यांचा ट्रेलर जोडून चढाला लागले की मागची वाहने रांग लावत.

ही मंदगती हाच काही दुकानांचा धंदा झाला. दक्षिण कॅलिफोर्नियातला गेल बँक्स १९५०च्या दशकाअखेरीपासून शर्यतीची आणि बोटींची इंजिने घडवत होता. १९८०च्या दशकात त्याने आणि आणखी दोनचार उत्पादकांनी या पिकअपसाठी टर्बोचे संच विकायला काढले: टर्बो, त्याला जोडणाऱ्या नळ्या, तेलाच्या येण्याजाण्याच्या वाहिन्या, मोठा एक्झॉस्ट आणि दाबमापक. या इंजिनांत डिझेल आधी एका उपकक्षात पेटे आणि दाबाचे गुणोत्तर वीस-एकवीसला एक इतके चढे होते, त्यामुळे टर्बोचा दाब बेताचाच ठेवावा लागे. दहा पीएसआयच्या आतबाहेरचा बूस्ट आणि पंपाला थोडासा पीळ. तेवढ्यानेही चढावर एक गिअर वाचे आणि धूर कमी होई. शेवटी फोर्डने १९९३ मध्ये स्वतःच टर्बो लावून पिकअप विकायला सुरुवात केली. गॅरेजने आधी करायचे आणि कारखान्याने दहा वर्षांनी तेच वॉरंटीसह विकायचे, हा क्रम इथून पुढेही दिसतो.

खरी उलथापालथ झाली १९८९ मध्ये. डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे ‘६बीटी’ इंजिन आले. हे इंजिन मुळात पिकअपसाठी घडवलेलेच नव्हते. केस या शेतीयंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या भागीदारीत कमिन्सने ते ट्रॅक्टर, पंप, जनरेटर आणि मध्यम ट्रकसाठी विकसित केले होते. एका ओळीत सहा सिलिंडर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि हेड, डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत फवारण्याची पद्धत, आणि जन्मापासून टर्बो. छापील आकडे होते १६० अश्वशक्ती आणि ४०० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ५४० न्यूटन-मीटर टॉर्क. अश्वशक्तीच्या आकड्यात डोळे दिपण्यासारखे काही नव्हते. एवढा टॉर्क मात्र तेव्हाच्या पिकअपमध्ये कोणाकडेच नव्हता, आणि तो इंजिन फारसे न फिरवता मिळे. विक्री कंपनीच्या अंदाजाबाहेर गेली.

त्यावरचा टर्बो होता होल्सेटचा एच१सी. होल्सेट ही इंग्लंडातल्या हडर्सफील्डची कंपनी, १९५२ मध्ये स्थापन झालेली आणि १९७३ पासून कमिन्सच्या मालकीची. टर्बोच्या टर्बाइनवर शंखाच्या आकाराचे ओतीव घर असते आणि होल्सेटच्या घरावर त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये कोरलेले असते. डॉजवर १८ आणि २१ या मापांची घरे आली. घर मोठे तर वायूचा वेग कमी, टर्बो उशिरा जागा होणार. घर लहान तर तो लवकर जागा होणार, पण वरच्या फेऱ्यांना इंजिनाचा श्वास कोंडणार. पहिल्या पिढीच्या मालकांनी टर्बोत केलेला पहिला बदल म्हणजे २१ चे घर काढून १६ चे, १४ चे किंवा १२ चे बसवणे. कंपनी तीच, बोल्ट तेच. एका दुपारचे काम. गंजलेले बोल्ट तुटले तर मात्र दुपारचे दोन दिवस होत.

हेच ६बीटी कुटुंब महाराष्ट्रातल्या ट्रकवाल्यांच्याही ओळखीचे आहे. कमिन्सचा भारतातला संसार पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर सुरू झाला. टाटांबरोबरची भागीदारी १९९३ ची, जमशेदपूरची, आणि पुढे सातारा जिल्ह्यातल्या फलटणलाही तिचा कारखाना झाला. टाटाच्या ट्रकांत ५.९ लिटरचे हेच इंजिन होल्सेटच्याच टर्बोसह धावले. अमेरिकेत ज्या इंजिनावर लोकांनी हौसेने तिप्पट ताकद चढवली, तेच इथे सोळा टन वजन घेऊन निमूटपणे घाट चढत राहिले. इथे पंपवाल्याकडून डिझेल थोडे वाढवून घेण्यापलीकडे प्रकरण सहसा गेले नाही. ट्रक हे रोजीचे साधन असते, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीच्या वेळच्या रचनेत असे फेरफार करू देत नाही.

१९९४ मध्ये डॉजने नव्या आकाराची पिकअप आणली आणि तिच्यातल्या कमिन्सवर बॉशचा पी७१०० हा ओळीतला पंप बसवला. या धंद्याच्या इतिहासात टर्बोइतकेच महत्त्व या पंपाला आहे. आधीच्या गोल व्हीई पंपात डिझेल वाढवायला मर्यादा होती: मागचा स्क्रू फार आत घेतला की इंजिनाचा आयडल चढायचा. पी७१०० हा अवजड ट्रकांचा पंप होता, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र प्लंजर असलेला, आणि पिकअपला लागते त्याच्या कितीतरी पट डिझेल ढकलण्याची त्याची ऐपत होती. त्याला लगाम होता तो एका पोलादी पट्टीचा. पंपाच्या मागच्या भागात झाकणाखाली दोन स्क्रूंनी बसवलेली ही पट्टी. तिच्या कडेचा उतार कसा घासला आहे त्यावर डिझेलची मात्रा ठरवणारी पंपाची रॅक किती पुढे सरकेल ते ठरे. पट्टी पुढे सरकवली की डिझेल वाढे. वेगळ्या उताराची पट्टी घातली की आणखी वाढे. अशा पट्ट्यांना क्रमांक पडले, त्या टपालाने मिळू लागल्या, आणि ‘दहा नंबर’ची पट्टी ही दोस्तमंडळींत परवलीची खूण झाली. कोणी पट्टी काढूनच टाकी. या साऱ्या खटाटोपाला डॉजवाल्यांनी ‘बॉम्बिंग’ असे नाव दिले होते. ‘फेरफार केलेलीच बरी’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते बनले होते.

संगणक नाही, सेन्सर नाहीत, चौकशी करणारे कोणी नाही, आणि हातात पाना. त्यामुळे १९९४ ते १९९८ च्या मध्यापर्यंतच्या या बारा व्हॉल्व्हच्या गाड्या आजही जुन्या बाजारात भाव खातात. डिझेल इतके सहज वाढू लागले की कमतरता उरली ती फक्त हवेची.

ही कमतरता सर्वांत आधी दाखवून दिली पायरोमीटरने. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून, आटे पाडून, टर्बाइनच्या अलीकडे तापमानाची कांडी बसवायची आणि तिचा काटा डॅशबोर्डच्या कडेच्या खांबावर चालकाच्या डोळ्यांसमोर लावायचा. साधारण १२५० अंश फॅरनहाइट, म्हणजे ६७५ सेल्सिअसच्या आसपास, ही लांब चढासाठी सुरक्षित हद्द मानली जाई. ती ओलांडून बराच वेळ इंजिन ताणले तर ॲल्युमिनियमच्या पिस्टनची कड वितळू लागते. रिकाम्या गाडीने सिग्नलवरून उधळताना काटा क्षणभर वर जाऊन येतो, त्याने काही बिघडत नाही. पाच टनांचा ट्रेलर मागे घेऊन कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्याचा, अकरा हजार फुटांवर नेणारा चढ चढताना मात्र तो वर जातो आणि वरच राहतो. पिकअपवाल्यांचे दोन पंथ इथे पडले. एकाला मोठा टर्बो वेगासाठी हवा होता, दुसऱ्याला काटा खाली ठेवण्यासाठी. दुकानदारांच्या जाहिराती पहिल्या पंथाला उद्देशून असत. गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या पंथातही कमी नव्हते.

नव्या आकाराच्या डॉजवर होल्सेटचा एचएक्स३५ टर्बो आला. त्याचे घर १२ चौरस सेंटिमीटरचे, म्हणजे लवकर जागे होणारे, आणि दाब जास्त झाला तर काही वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी वेस्टगेट नावाची झडप. चांगला टर्बो, पण साधारण ३५ पीएसआयच्या पुढे त्याला ताणले की दाबासोबत हवेची उष्णता भलतीच वाढते आणि ताकद जागच्या जागी राहते. त्यापुढचा पर्याय बऱ्याचदा भंगारात सापडे. कमिन्सच्याच ८.३ लिटरच्या मोठ्या इंजिनावर एचएक्स४० असे. बस किंवा शेतीयंत्र मोडीत निघाले की त्याचा टर्बो उचलायचा, चाके-बेअरिंग तपासायची आणि पिकअपवर चढवायचा. मग दुकानांनी दोहोंचा संकर विकायला काढला: कॉम्प्रेसर चाळीसचा, टर्बाइनची बाजू पस्तिसाची. हवा ओढणाऱ्या चाकाचे तोंड ५४ मिलिमीटरवरून ६० वर नेले तर फरक सहाच मिलिमीटरचा, पण क्षेत्रफळ सुमारे तेवीस टक्क्यांनी वाढते. बोर्गवॉर्नरच्या एस३०० आणि एस४०० या मालिकाही याच बाजारात शिरल्या. त्यांचे मूळ इंडियानापोलिसच्या श्विट्झर कंपनीत. तिचा संस्थापक लुई श्विट्झर हा १९०९ मध्ये इंडियानापोलिसच्या धावपट्टीवर झालेली मोटारींची पहिली शर्यत जिंकलेला गडी.

मोठ्या चाकाची किंमत मालकाला पायाखाली कळते. ॲक्सिलरेटर दाबला की आधी काहीच होत नाही, मागे काळा ढग उठतो, आणि मग एकदम धक्का बसतो. चाक जड असते, त्याला मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात न्यायला वायू हवा, आणि वायू यायला डिझेल आधी जळायला हवे. या पेचावर ट्रॅक्टर ओढण्याच्या स्पर्धांमधून उत्तर आले. या स्पर्धांत इंजिनावर एकापुढे एक असे दोन-तीन टर्बो जोडण्याची रीत आधीपासून होती. पिकअपवर त्याचे रूप असे: इंजिनाला लागून एक लहान टर्बो, त्याच्या आधी एक मोठा. मोठा हवा दाबून लहानाला देतो, लहान ती पुन्हा दाबतो. दोघांचे दाब-गुणोत्तर एकमेकांत गुणले जाते. मोठ्याने अडीच पट आणि लहानाने दुप्पट दाबले की हवा पाच पट दाबली गेली, म्हणजे मापकावर ५८-५९ पीएसआय. कोणावरही एकट्याने एवढा भार पडत नाही, आणि खालच्या फेऱ्यांना लहान टर्बो लगेच जागा होतो. बॉनेटखाली या दोघांना आणि त्यांच्या नळ्यांना बसवणे हे मात्र वेगळेच कसब आहे. बॅटरी हलवावी लागते, नळ्या पुन्हा वाकवून घ्याव्या लागतात, आणि जुन्या गाडीत तेल परत नेणारी नळी पुरेशा उतारावर आली नाही तर टर्बो सिलांतून तेल गाळू लागतो.

हवा पुरली, की पुढचा दुबळा दुवा उघडा पडे. पहिला क्लच. तो बदलला की, स्वयंचलित गाडी असेल तर, टॉर्क कन्व्हर्टर आणि ट्रान्समिशन. डॉजच्या मालक क्रायस्लर कंपनीची त्या काळची स्वयंचलित पेटी मूळ टॉर्कलाही जेमतेम पुरी पडे. त्यापुढे हेड. ६बीटीचे हेड २६ बोल्टांनी आवळलेले असते, आणि पन्नास पीएसआयच्या वरचा बूस्ट ते उचलू पाहतो. म्हणून बोल्टांच्या जागी जास्त ताणाचे स्टड आले, त्यानंतर गॅस्केटच्या जोडीला हेडमध्ये खोबण करून बसवलेली तारेची कडी आली. शेवटी कनेक्टिंग रॉड. मोठा टर्बो घ्यायला गेलेला माणूस अशा रीतीने दोनेक वर्षांत अख्खी गाडी नव्याने विकत घेऊन बसे. दुकानांच्या भरभराटीचे हेच गमक.

फोर्डची गोष्ट थोडी वेगळी चालली. १९९४ च्या मध्यात तिने नॅव्हिस्टारचे (पूर्वीच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचे) ७.३ लिटरचे ‘पॉवरस्ट्रोक’ आणले: २१० अश्वशक्ती, गॅरेटचा टर्बो, आणि इंजेक्टर चालवायला तेलाचा दाब व संगणक. इथे स्क्रू नव्हता, चिप होती. इंजिनाच्या संगणकाच्या पाठीवरचे झाकण काढायचे, संपर्काच्या पट्ट्यांवरचे लाखेसारखे लेपण खरवडून स्वच्छ करायचे आणि चिप त्यावर घट्ट सरकवायची. लेपण नीट निघाले नाही तर गाडी भररस्त्यात बंद पडे. चिपने डिझेल वाढवले की टर्बो कुरकुरे. ओझे घेऊन चढावर असताना कॉम्प्रेसर दाबतो तेवढी हवा इंजिन घेऊ शकत नाही, ती उलटून मागे येते आणि फडफड असा आवाज करते. यालाच सर्ज म्हणतात. १९९९ नंतरच्या गाड्यांवर हा दोष जास्त. अख्खा टर्बो न बदलता पात्यांचा आकार वेगळा असलेले नुसते कॉम्प्रेसरचे चाक बदलून पुष्कळांनी तो घालवला. खर्च आणि परिणाम यांचा इतका चांगला मेळ या साऱ्या धंद्यात क्वचितच दिसतो. या इंजिनाचे दुसरे दुखणे म्हणजे टर्बोकडे वायू नेणाऱ्या नळ्यांचे गळके सांधे. ते दुरुस्त केल्यावर कित्येकांना मोठ्या टर्बोची गरजच उरली नाही.

२००१ मध्ये जनरल मोटर्स आणि इसुझू यांचे ६.६ लिटरचे ‘ड्युरामॅक्स’ ३०० अश्वशक्ती घेऊन आले. त्यात डिझेलचा दाब एका सामाईक रेलमध्ये साठवलेला असे, त्यामुळे ताकद वाढवणे म्हणजे एक पेटी जोडून तारा खोचणे एवढेच उरले. शंभरेक अश्वशक्ती वाढली की त्यासोबतची ॲलिसन कंपनीची स्वयंचलित पेटी क्लचची घसरण ओळखून स्वतःला एका गिअरमध्ये अडकवून घेई.

२००० ते २००७ हा या हौसेचा सुवर्णकाळ म्हणता येईल. फक्त डिझेल पिकअपला वाहिलेली मासिके निघाली, आणि ओढण्याच्या स्पर्धांत पिकअपचे स्वतंत्र गट पडले. हे गट ठरवायचे माप टर्बोचेच आहे: कॉम्प्रेसरच्या तोंडाचा व्यास अडीच, २.६ किंवा तीन इंच. तपासनीस हवेची नळी काढायला लावतो आणि ठरावीक व्यासाची धातूची गुल्ली त्या तोंडात घालून पाहतो. गुल्ली आत शिरली तर गाडी बाद. याच मापाच्या आत राहून जास्त हवा कशी ओढता येईल यावर टर्बो बनवणाऱ्यांनी जेवढी अक्कल खर्च केली तेवढी क्वचितच कशावर केली असेल. २००२ मध्ये गेल बँक्सने कमिन्सचे इंजिन घातलेली एक डॉज डकोटा बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी २१७ मैलांनी पळवली. ही गाडी कॅलिफोर्नियाहून तिथवर स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या सामानाचा ट्रेलर ओढत गेली होती.

तोवर कारखाने दुसऱ्या वाटेने टर्बोचा पेच सोडवत होते. २००३ च्या फोर्डच्या ६.० लिटर इंजिनावर आणि त्यानंतर ड्युरामॅक्सवर बदलत्या भूमितीचा टर्बो आला: टर्बाइनभोवतीची पाती फिरून वायूची वाट अरुंद किंवा रुंद करतात, त्यामुळे एकच टर्बो खालच्या फेऱ्यांना लहान आणि वरच्या फेऱ्यांना मोठा होतो. २००७ च्या मध्यात डॉजच्या ६.७ लिटर कमिन्सवर होल्सेटने हेच काम सरकत्या कड्याने साधले. त्याचा उपयोग एक्झॉस्ट कोंडून गाडीला ब्रेक लावण्यासाठीही होतो, ही ट्रेलरवाल्यांची मोठी सोय. दुखणे काजळीचे. फोर्डच्या टर्बोतली पाती फिरवणारी कडी काजळीने आणि गंजाने अडके, विशेषतः जी गाडी सावकाश चाले आणि बराच वेळ उभी राही तिची. त्या इंजिनाला हेडच्या बोल्टांचे आणि एक्झॉस्टचा वायू थंड करणाऱ्या कूलरचेही ग्रहण होते. वॉरंटीच्या खर्चावरून फोर्ड आणि नॅव्हिस्टार कोर्टात गेले, आणि २०११ च्या गाड्यांपासून फोर्डने डिझेल इंजिन स्वतःच बनवायला घेतले. कमिन्सवाल्यांनी मात्र गमतीची वाट धरली. सरकत्या कड्याचा महागडा टर्बो बिघडला की तो मॅनिफोल्डसकट काढून टाकायचा, १९९०च्या दशकातल्या गाड्यांच्या धर्तीचा मॅनिफोल्ड लावायचा आणि त्यावर साधा, स्थिर घराचा एस४०० बसवायचा. ‘सेकंड-जेन स्वॅप’ या नावाने त्याचे तयार संच विकले जातात. एक्झॉस्ट ब्रेक जातो, खालचा जोर जातो. हाती येतो तो बिघडायला काही नसलेला टर्बो.

पण बदलत्या भूमितीच्या टर्बोला हात लावणे म्हणजे आता प्रदूषण-नियंत्रणाच्या यंत्रणेला हात लावणे झाले होते. एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात ढकलायला लागणारा दाब हाच टर्बो तयार करतो. २००७ पासून काजळी पकडणारा गाळणी-फिल्टर आला, २०१० पर्यंत नायट्रोजन ऑक्साइडचे नियम कडक झाले. फिल्टर श्वास कोंडतो आणि अधूनमधून डिझेल जाळून स्वतःला साफ करतो, हा पिकअपवाल्यांचा राग होता. त्यातून ‘डिलीट’ची लाट आली. फिल्टर कापून सरळ नळी बसवायची आणि संगणकाला तो आहेच असे भासवायचे. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार हे बेकायदा आहे. पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपवरून अशी यंत्रणा काढली गेली होती. संस्थेने विक्रेत्यांवर दंडाची मोहीमच उघडली. मुद्दाम धूर ओकत सायकलस्वारांवर किंवा छोट्या गाड्यांवर ढग सोडण्याचा ‘रोलिंग कोल’ हा प्रकार त्याआधीच बदनाम झाला होता, आणि न्यू जर्सीने २०१५ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. या मंडळींनी जाणत्या मेकॅनिकांचेही नाव घालवले. चांगल्या जुळणीच्या टर्बोची परीक्षाच ही, की चढावर मागे धूर दिसू नये.

बंदीने धंदा बुडाला नाही, त्याचे रूप बदलले. कॅलिफोर्नियाचे हवा मंडळ सुट्या भागांची चाचणी घेऊन त्यांना आदेश-क्रमांक देते; त्या क्रमांकाचे लेबल बॉनेटखाली असेल तर तो टर्बो त्या राज्यात कायदेशीर ठरतो. म्हणून उत्पादक आता कारखान्याच्याच घरात, त्याच बोल्टांवर बसणारे आणि पात्यांची मूळ मोटर तशीच चालवणारे टर्बो विकतात: चाके थोडी मोठी, पाती वेगळ्या वळणाची, बेअरिंग चांगली. गिऱ्हाइकाची गरजही घटली आहे. २०१९ च्या रॅम (पूर्वीच्या डॉज) पिकअपमध्ये कमिन्सचे ६.७ लिटरचे इंजिन कारखान्यातूनच ४०० अश्वशक्ती आणि १००० पाउंड-फूट टॉर्क घेऊन आले, म्हणजे १९८९ च्या अडीचपट, आणि तेही फिल्टरसकट, वॉरंटीसकट. पट्टी घासून, भंगारातला टर्बो चढवून आणि क्लच जाळून १९९८ मध्ये जे मिळवावे लागे ते आता हप्त्याने मिळते. मोठ्या टर्बोची मागणी त्यामुळे दोन टोकांना सरकली आहे. एका टोकाला स्पर्धेच्या गाड्या आहेत, आणि दुसऱ्या टोकाला बारा व्हॉल्व्हची जुनी डॉज. ती अजून शेतावर राबते आणि तिच्या २१ मापाच्या घराच्या जागी आजही कोणीतरी १६ चे घर शोधत असतो.